आत्या स्टेजच्या मध्यावर येते

आमची आत्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत प्रेसवर उभी असते आणि तिथे तिला सगळे क्रेन म्हणतात. तोंडावर क्रेनबाई, पाठीमागे नुसतंच क्रेन. मशीनमधून ओल्या चादरींचा गठ्ठा काढताना बाकीच्या तिघीजणी "अगं धर, अगं सोड, अगं माझा पाय" करत असतात. तेवढ्यात आत्या येते, गठ्ठा काखोटीला मारते आणि चालू लागते. जाताना वर विचारते, "पाय कुणाचा होता?"

आजीला विचाराल तर हे लक्षण जन्मापासूनचं. "पाळण्यात होती तेव्हा हिने पाळण्याची दांडी वाकवली," असं आजी सांगते. आजी सांगते त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण दांडी थोडी तरी वाकली असणार. पुढे आत्याचं लग्न झालं, ते फार टिकलं नाही, आणि एका रविवारी ती सुटकेस घेऊन आमच्याकडे आली. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते मदतीला धावत चार मजले खाली उतरले आणि हात हलवत तिच्या मागून वर आले. सुटकेस तिच्याच डोक्यावर होती. त्या लग्नाविषयी आमच्या घरात एवढंच बोललं जातं.

व्यायाम तिने हौसेने धरला नाही. प्रेसचा दांडा उजव्या हाताने ओढून ओढून तिचा खांदा धरला, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, आणि सगळ्यात जवळची व्यायामशाळा टायरच्या दुकानाच्या वर होती. तिथले मास्तर म्हणजे भिंतीएवढा माणूस. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. प्रत्येक गोष्ट ते तीनदा बोलतात. "दाबा, दाबा, दाबा. श्वास, श्वास, श्वास." एकदा आत्याच्या हातून डंबेल निसटून त्यांच्या पायावर पडलं. तेव्हाही त्याच चालीत, "पडलं, पडलं, पडलं," म्हणाले आणि मग खाली बसले.

खांदा महिन्याभरात बरा झाला. आत्या मात्र जातच राहिली. सकाळी सहा अंडी, दुपारी उकडलेली कोबी, संध्याकाळी उकडलेलं चिकन, आणि चेहरा असा की जणू पंचपक्वान्नं चालली आहेत. आजी ताटात डोकावून म्हणायची, "मीठ तरी घाल गं. दवाखान्यातलं जेवण बरं." आत्या म्हणायची, "आई, अंगात पाणी धरतं मीठ." "मग धरू दे की. अंग तुझंच आहे."

गेल्या वर्षी मास्तरांनी तिला स्पर्धेत उतरवलं. महिलांच्या शरीरसौष्ठवात निरनिराळे गट असतात. त्यातला फिजिक नावाचा गट तिचा. मास्तरांनी आयुष्यभर पुरुषच तयार केलेले, म्हणून त्यांनी तिला जे येत होतं ते शिकवलं. मुठी आवळायच्या, दात आवळायचे, मान आवळायची, आणि परीक्षकांकडे असं बघायचं की ते भाडं थकवून बसलेत. आत्या शिकली तशी उभी राहिली. शेवटून पहिली आली.

आम्ही कुणी बघायला गेलो नव्हतो. बाबा तिला आणायला गेले तेव्हा ती सभागृहाच्या जिन्यावर बसली होती, नंबरचा बिल्ला कमरेला तसाच. तशीच उठून ती मुख्य परीक्षक बाईंना विचारायला गेली की माझं चुकलं काय. त्या बाई एके काळी स्वतः स्पर्धेत उतरायच्या. आता चष्मा, आखडलेली मान, आणि आवाज इतका हळू की समोरच्याने वाकून ऐकावं.

"तुमच्याकडे स्नायू भरपूर आहेत," बाई म्हणाल्या. "पण या गटात आम्ही नुसते स्नायू मोजत नाही. ते शरीरावर सगळीकडे सारखे बसलेत का, ते बघतो. तुमची उजवी बाजू डावीवर दादागिरी करते. खांद्यापासून मनगटापर्यंत. आणि या मुठी उघडा. मूठ वरच्या, जास्त स्नायूंच्या गटात. इथे हात उघडा, बोटं मोकळी, चेहरा शांत. ताकद आहे, पण तिचं ओझं झालेलं नाही, असं दिसायला हवं."

आत्या घरी आली, स्पर्धेसाठी अंगाला लावलेला रंग धुतला, न्हाणीघराच्या फरशा आठवडाभर विटकरी राहिल्या. मग एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "मी पुढच्या वर्षी परत उतरणार."

बाबा आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आहेत. त्यांना साधं बोलता येत नाही, ते सभा घेतात. "मुद्दा क्रमांक एक," ते म्हणाले. "ताईच्या खाण्यामुळे घरात कोबीचा वास येतो. मुद्दा क्रमांक दोन. तुझ्या स्पर्धेतल्या फोटोवरून तळमजल्यावरचे काका मला रोज एक प्रश्न विचारतात. मुद्दा क्रमांक तीन..." तिसरा मुद्दा काही येईना. बाबांनी कप उचलला, ठेवला. "तू त्या जिन्यावर बसली होतीस ना, ताई. मला ते परत बघायचं नाही. बास."

 

"एक वर्ष दे," आत्या म्हणाली. "पहिल्या तिनात आले तर तू यावर कधी बोलायचं नाहीस. नाही आले तर व्यायामशाळा बंद. कायमची. मी परत विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

बाबांनी हात पुढे केला, आत्याने तो दाबला, आणि बाबांना त्या दिवशी सोसायटीच्या पावत्यांवर डाव्या हाताने सह्या कराव्या लागल्या.

त्या दिवसापासून आत्याने उजवा हात रजेवर पाठवला. दात घासणं डाव्या हाताने, कोबी चिरणं डाव्या हाताने (त्या कोबीचे तुकडे पाहून आजी म्हणाली, "हे चिरलंय की चावलंय?"), बाजाराची पिशवी डाव्या हातात. खरी पंचाईत लाँड्रीत झाली. प्रेसचा दांडा उजवीकडे. मग आत्या प्रेसकडे पाठ करून उभी राहू लागली आणि मागे हात नेऊन डाव्या हाताने दांडा ओढू लागली. तिथले सुपरवायझर प्रत्येक वाक्य "नाही म्हणजे" ने सुरू करतात. ते येऊन उभे राहिले.

"नाही म्हणजे, तुम्ही उलट्या का?"

"डावा हात मागे पडलाय, साहेब."

"नाही म्हणजे, तो मागेच नेलाय तुम्ही."

"त्याला पुढे आणायचाय म्हणून."

साहेबांनी यावर बराच विचार केला. "नाही म्हणजे, उशांच्या खोळींना घडी पडता कामा नये," म्हणाले आणि गेले. घडी पडली नाही. दोन महिन्यांनी आत्या मान न वळवता, मागच्या मागे चादर सरळ करू लागली, आणि शेजारच्या बायका तिच्याकडे तोंड करून गप्पा मारायची सोय झाली म्हणून खूश झाल्या.

व्यायामशाळेत उघड्या हाताचा प्रश्न होता. मास्तरांना तो येत नव्हता. पण मास्तर हट्टी माणूस. त्यांनी कुठून कुठून बायकांच्या स्पर्धांच्या चित्रफिती मिळवल्या, आरशासमोर उभे राहिले आणि सगळ्या पहिलवानांच्या देखत दोन्ही हात वर करून बोटं उमलवली. तेवढ्या देहाला कमरेत हलका मुरका दिला, एक टाच उचलली, आणि हनुवटी खांद्याकडे वळवून मंद हसले. मागे कुणाच्या तरी हातून वजनाची चकती सुटून जमिनीवर आपटली.

"हसलं कोण, कोण, कोण?" मास्तर त्याच मुरक्यातून म्हणाले. "ताई, इकडे लक्ष. बोटं अशी, अशी, अशी. नखांना ताजा रंग लावलाय आणि तो वाळवायचाय. दंड दगड, बोटं पीस."

आत्याचे दंड दगड होत. बोटं मात्र चार मोजेपर्यंत पीस राहत आणि पाचव्याला आपोआप मिटत. वीस वर्षं दांडा धरलेला हात तो. रिकामा राहायची त्याला सवयच नव्हती. उजवा तर जास्तच नाठाळ. मास्तर कपाळाला हात लावून म्हणत, "मिटली, मिटली, मिटली."

वर्ष गेलं आणि स्पर्धेचा दिवस आला. या वेळी आम्ही सगळे गेलो. आजीने ठेवणीतली साडी नेसली. आत गेल्यावर तिला आत्या दिसली, नखशिखांत विटकरी रंगाने माखलेली, हिरव्या चकमकीत पोशाखात, एका खुर्चीच्या काठावर अलगद टेकलेली. रंग पुसू नये म्हणून तिने हात अंगापासून लांब धरले होते.

"हे काय गं," आजी म्हणाली. "कुणी तळून काढलं तुला?"

"दिव्यांच्या उजेडात रेषा दिसाव्यात म्हणून लावतात, आई. जवळ येऊ नकोस, साडीला लागेल."

"दोन घास खाल्लेस का?"

"नंतर."

बाबांनी सकाळपासून एकही मुद्दा मांडला नव्हता. ते फक्त म्हणाले, "सात नंबर आहे तुझा. दिसतो लांबून." हे त्यांनी तीनदा सांगितलं, मास्तरांसारखं.

आम्हाला मागच्या बाजूला जागा मिळाली. शेजारी थर्मास घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्यांची सून दुसऱ्या गटात होती. मास्तर पुढे कठड्याला चिकटून उभे. स्टेजसमोर लांब टेबल, त्यावर सात परीक्षक, मधोमध त्या हळू आवाजाच्या बाई. पण आता त्यांच्यासमोर माइक होता. मुळात हळू बोलणाऱ्या माणसाला माइक दिला की देऊळ बोलल्यासारखं वाटतं.

बारा जणी रांगेने आल्या. "उजवीकडे वळा," माइक म्हणाला. बारा जणी वळल्या. "पाठ." पाठ. "उजवीकडे वळा." मग समोर. प्रत्येक वेळी परीक्षक खाली बघून काहीतरी लिहीत. एकाच्याही चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

"हे काय बोलत का नाहीत?" आजीने विचारलं. "बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे बसलेत. पसंत आहे की नाही, सांगून टाका."

मग माइकने नंबर पुकारले. "दोन, पाच, सात, नऊ, अकरा. पुढे या." आत्या पुढे आली. पाच जणींनी एकसारखे दोन्ही दंड वर केले, मग बाजूने छाती, मग पाठ. "धन्यवाद. पाच आणि अकरा मागे. सात आणि नऊ, जागा बदला." आत्या एक जागा सरकली. "तीन, पुढे या. सात, तीनच्या शेजारी." आत्या परत सरकली. "सात, मध्ये. नऊ, तिच्या उजवीकडे."

तिकडे मागे आठ जणी आरामात उभ्या होत्या, आणि आमच्या आत्याला मात्र इकडे ये, तिकडे सर, परत वळ, परत दाखव. तिच्या गळ्यावरून घामाची रेघ निघाली होती. आजीचा पारा चढू लागला.

"हिलाच का सारखं वेठीला धरतायत?"

"चुका काढत असतील," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "गेल्या वर्षीच्या चुका लक्षात असतील त्यांच्या."

"सात, मध्ये," माइक म्हणाला. "पुन्हा दोन्ही दंड."

"पुन्हा?" आजी उठली. बाबांनी पदर धरला, तो सुटला. आजी मधल्या वाटेने तरातरा पुढे गेली आणि थेट परीक्षकांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. स्टेजवर आत्या दंड वर केलेल्या अवस्थेत, तशीच, डोळे तेवढे मोठे.

"बाई," आजी म्हणाली, "तुम्हाला मुलीबाळी आहेत की नाहीत? माझी एकटीच दमवायची का? त्या मागच्यांना पाय नाहीत?"

नियमाप्रमाणे स्पर्धकाच्या माणसाने परीक्षकांशी बोलायचं नसतं. त्यावरून स्पर्धक बाद होऊ शकतो. हे आम्हाला थर्मासवाल्या बाईंनी नंतर सांगितलं, नाहीतर बाबा तिथेच आडवे झाले असते. मुख्य परीक्षकांनी आजीकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा थोडा वर केला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "बसून घ्या. मला मधली दिसत नाहीये."

बाबा वाकून, जवळजवळ रांगत, आजीला परत घेऊन आले. थर्मासवाल्या बाईंनी आजीच्या हातात चहा दिला.

"अहो आजी, भांडताय कशाला? मध्ये उभं करतात ती चांगली असते म्हणून. चुरशीच्या बायका शेजारी शेजारी उभ्या करून बघतात. ज्यांचं ठरलं, त्यांना मागे सोडतात. त्या आरामात उभ्या आहेत ना, त्यांचं आटोपलं. तुमचीला सोडत नाहीयेत, कारण तुमचीवरच सगळं अडलंय."

आजीने चहाचा घोट घेतला. मागे वळून पाहणाऱ्या रांगेला म्हणाली, "मला माहीतच होतं."

बाबांनी मात्र खुर्चीच्या दोन्ही कडा पकडल्या. आतापर्यंत ते संपलं समजून बसले होते. आता त्यांना पुन्हा आशा लागली होती, आणि आशेला बाबा फार घाबरतात. "म्हणजे पहिल्या तिनात?" त्यांनी विचारलं.

"ते कसं सांगू? परीक्षक सात, प्रत्येकाचा कागद वेगळा. आपल्या मनाने क्रमांक लावतात. सगळ्यात वरचा नि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकायचा, बाकीच्यांची बेरीज. म्हणजे एखाद्याची मर्जी बसली किंवा एखाद्याचं डोकं फिरलं, तरी बिघडत नाही. बरं, नऊ नंबर बघा. गेल्या वर्षीची पहिली."

नऊ नंबर निळ्या पोशाखात होती. कोरून काढल्यासारखी. आता स्टेजच्या मध्ये त्या दोघीच राहिल्या. निळी आणि आत्या. दोघींच्या पोटाचे भाते चालले होते, चेहरे मात्र हसरे.

"पाठ करा," माइक म्हणाला. "दोन्ही दंड. धरून ठेवा."

दोघी वळल्या. आता त्यांच्यासमोर फक्त काळा पडदा. मास्तरांनी कठड्याशी दोन्ही हात वर करून बोटं उमलवली, पण ते कुणाला दिसणार? आत्याची पाठ आमच्याकडे होती. आणि ती पाठ आम्ही घरात रोज बघतो, स्वयंपाकघराच्या ओट्याशी. ती अशी आहे हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत जे होतं, तेच उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत. मधोमध घडी घातली असती तर कडेला कड जुळली असती.

"धरून ठेवा," माइक म्हणाला. परीक्षक वर बघत, खाली बघत, पुन्हा वर बघत.

निळीचे दंड थरथरू लागले. तिची बोटं हळूहळू आत वळली आणि दोन्ही हातांच्या मुठी झाल्या. त्याच वेळी आत्याच्या उजव्या हाताची करंगळी मिटली. मग तिच्या शेजारचं बोट. मास्तर तोंडातल्या तोंडात, "मिटली, मिटली." तिसरं बोट निम्मं आलं आणि थांबलं.

सगळं सभागृह त्या एका हाताकडे बघत होतं असं म्हणता येणार नाही. बघत होतो आम्ही तिघं आणि मास्तर. बाबांचा स्वतःचा उजवा हात हवेत होता आणि ते त्याची बोटं डाव्या हाताने सरळ करत होते. वर स्टेजवर करंगळी हलली, उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग सगळा हात मोकळा झाला, आणि मनगट किंचित बाहेर वळलं.

"धन्यवाद," माइक म्हणाला.

निकाल उलटे सांगतात, पाचव्यापासून वर. हा शोध ज्याने लावला त्याला बाबांसारखा भाऊ नसावा. पाचवा क्रमांक, अकरा नंबर. टाळ्या. चौथा क्रमांक. निवेदक थांबला. बाबा उभे राहिले. "चौथा क्रमांक, दोन नंबर." बाबा बसले. तिसरा क्रमांक, तीन नंबर. बाबा पुन्हा उठले. हिशेब सोपा होता, राहिलेल्या दोन क्रमांकांत एक तर आत्या होती किंवा ती यादीतच नव्हती. "दुसरा क्रमांक," निवेदक म्हणाला, "गेल्या वर्षीची विजेती, नऊ नंबर."

आता उरला एक आणि मागे उभ्या होत्या आठ. आत्या स्टेजवर नजर समोर ठेवून उभी. आजीने बाबांचा हात पकडला, तोच, उजवा.

"सात नंबर."

मास्तर "आली" किती वेळा म्हणाले ते सांगता येणार नाही, पण तीनवर ते थांबले नाहीत. कठडा हलत होता. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. त्यांच्या बुटांना नाड्या नसतात. आजी थर्मासवाल्या बाईंना म्हणाली, "पाळण्याची दांडी वाकवली होती हिने," आणि त्या बाई म्हणाल्या, "असणारच."

आम्ही मागे गेलो तेव्हा आत्या बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसली होती. आजीने पर्समधून खाऱ्या बिस्किटांचा पुडा काढला. किती दिवसांत आत्याने मीठ चाखलं नव्हतं. तिने दोन बिस्किटं एकदम तोंडात कोंबली आणि डोळे मिटले. एवढं सुख तिच्या तोंडावर ढाल घेतानाही नव्हतं.

"ताई," बाबा म्हणाले. "शब्द दिलाय. मी बोलणार नाही."

"बोल की," आत्या भरल्या तोंडाने म्हणाली.

"पुढची कधी असते?"

तेवढ्यात निवेदकाचा आवाज आला. सगळ्या गटांतल्या पहिल्या आलेल्या स्पर्धकांनी स्टेजवर यावं, सर्वांतली विजेती निवडायची आहे. हे आत्याला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी ती एवढ्यापर्यंत पोचलीच नव्हती आणि मास्तर सांगायला विसरले होते. "पळा, पळा, पळा," मास्तर दारातून म्हणाले. आत्या गालात बिस्किटांसकट पळाली.

आम्ही धावत जागेवर परत आलो, तर वर मुठींच्या गटातली पहिली आलेली बाई उभी होती. तिच्यापुढे आमची क्रेन म्हणजे हातगाडी. सगळ्या एकदा वळल्या, एकदा दंड दाखवले, आणि माइक म्हणाला, "सात, धन्यवाद. कडेला."

"कडेला?" सभागृहाच्या मागून कुणीतरी ओरडलं. "मुद्दा क्रमांक एक, तिची पाठ बघितलीत का? पाठ बघा आधी. मध्ये घ्या तिला."

माना वळल्या. आजीने तोंडावर पदर घेतला आणि थर्मासवाल्या बाईंना सांगितलं, "आमचा नाही तो." बाबा खुर्चीवर उभे होते.

आत्या निमूट कडेला गेली. तिथे उजेड थोडा कमी पडत होता. तिने गालातलं बिस्किट चावून संपवलं, गिळलं, भावाकडे बघून मोठ्याने हसली, आणि कुणी सांगितलं नसताना पाठ वळवून दोन्ही दंड वर केले.